सरावाची लग्नपत्रिका

चिमणे,

आधी खुर्चीवर बस, मग वाच. मी फोन बंद करून कॉम्प्युटरच्या परीक्षेला चाललेय.

एकच पत्र प्रत्येकाच्या नावाने सगळ्यांना कसं पाठवायचं, हे आज नक्की विचारणार म्हणे. म्हणून सकाळी सरावाला लग्नपत्रिका केली. वधू तू. वर म्हणून कुणीतरी हवा, तर बोटं आपोआप त्याच्याच नावावर गेली. ज्याच्याशीच लग्न करणार म्हणतेस आणि ज्याचं नाव बाबा या घरात काढू देत नाहीत, त्याच्या! त्याच्या घरचा पत्तासुद्धा टाकला. आणि शेवटी नुसतं बघायचं बटण दाबायच्या ऐवजी पाठवायचं दाबलं. क्लासमध्ये ईमेलचे पत्ते खोटे असतात गं. इथे तुझ्या मामापासून बाबांच्या साहेबांपर्यंत सगळे खरे! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मामाने तर लगेच विचारलं, हॉल कुठला?

मग ऑफिसातून बाबांचा फोन. आता काही खरं नाही म्हणत मी डोळे मिटून उचलला. पण ते ओरडलेच नाहीत. म्हणाले, "मुलाकडचा पत्ता जुना टाकलायस. ते लोक गेल्या महिन्यात नव्या घरी गेले. बाल्कनी छान आहे." आणि ठेवून दिला.

बाल्कनी! तुला माहीत होतं का गं हे?

डोकं सगळं त्या बाल्कनीत आणि परीक्षेत जाऊन बेरजेची सूत्रं लिहायचीत. जेवण झाकून ठेवलंय. बाबा माझ्याआधी आले, तर त्यांना एक शब्द विचारू नकोस. मला समोर बसून ऐकायचंय.

आई