खुबा की गुडघा

४ नोव्हेंबर
बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. चौदा तारीख. डॉक्टर, तपासण्या, सगळीकडे दादाच फिरला. साडीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसणारे बाबा आता स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकापुढे ओशाळतात. आई आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यात सगळ्यांना सांगतेय, नंतरचे व्यायाम आमची डॉक्टरीण घेईल. फिजिओथेरपिस्ट गं आई. किती वेळा सांगू.

६ नोव्हें.
आधीपासूनच व्यायाम सुरू केले. गुडघा म्हणजे बिजागरी. वाकतो, सरळ होतो. पुरता वाकला. बाबा गप्पा मारत होते. मग मांडी किंचित आत वळवली. म्हणजे हलला तो खुबा, मांडी-कमरेचा सांधा. उखळीतला गोळा, सगळीकडे फिरणारा.
"हळू गं अम्मा!" लाडाने मला अम्मा म्हणणारे बाबा कळवळले.
आणि हात धरला तो गुडघ्याला! गुडघा तर मी वळवलाच नव्हता.
डावा पाय वळवून पाहिला. काही नाही.

७
क्लिनिकमध्ये आमच्या सरांना विचारलं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं म्हणाले. पण एक्स-रेत गुडघा झिजलाय, तो खोटा कसा? मी शिकले ते घराच्या उपयोगी पडावं म्हणून. आणि आता घरच्यांनी ठरवलेल्या ऑपरेशनलाच आडवं जायचं...

९ नोव्हें.
दादाला सांगितलं.
"गुडघा दुखतो तर गुडघाच कापतील ना? खुब्याकडे कायकू जातील? तू लाइट घे, टेन्शन नको."
"चुकीच्या सांध्याचं ऑपरेशन झालं तर?"
"मोठे डॉक्टर चुकले, अन् तू बरोबर? हौ का!"
बाबांनी गुडघा चोळला. मग हळूच, "तिचं ऐकू एकदा."

१२
सर्जननी ऐकलं! स्वतः पाय वळवून पाहिला, खुब्याचा एक्स-रे काढला. झीज दोन्हीकडे. उद्या खुब्यात बधिर करणारं इंजेक्शन. चालताना दुखणं गेलं तर दोष खुब्याचा, ऑपरेशन थांबवायचं. नाहीतर परवा गुडघा.
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. 

१३ नोव्हें.
इंजेक्शन झालं. बाबांना कॉरिडॉरमधून चालवलं. दादा भिंतीला टेकून. सर्जननी विचारलं, "काय, गुडघ्यात फरक?"
बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आहे ना. पुष्कळ आहे."
दादाने माझी पाठ थोपटली. सर्जन ऑपरेशन थांबवल्याचं लिहायला वळले. जिना उतरताना बाबांना एकटं गाठलं. "खरं सांगा, कमी झालंय?"
"तू सांग ना बेटा. तू शिकलीस. कमी व्हायला पाहिजे ना?"