घरात न येणारं चामडं

दिलसुखनगर, हैदराबाद
९ नोव्हेंबर १९९७

ती. मालनआत्यास,
सुमेधाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, अण्णा ऑफिसातली फायलींची ने-आण अजून पायऱ्यांनीच करतात. यंदाही दिवाळीला तू आली नाहीस. मुदखेडहून एक गाडी धरायची, पण तुला मुहूर्तच सापडत नाही.

बातमी अशी की कंपनी मला आठ महिन्यांसाठी अमेरिकेत, मिनियापोलिस नावाच्या गावी पाठवते आहे. तिथल्या एका बँकेच्या कॉम्प्युटरना सन दोन हजार कळत नाही, ते समजावायचं काम. निघायचं चार जानेवारीला. तिथे तेव्हा शून्याखाली वीस असतं. गेल्या वर्षी तिथे राहून आलेली माझ्या ऑफिसातली रश्मी माझे कापडी बूट बघून म्हणाली की हे घालून गेलीस तर पायाची बोटं तिथेच ठेवून परत येशील.

तिने मला बूट कसे निवडायचे ते शिकवलं. घोट्याच्या वर चार बोटं हवेत, आत लोकर हवी, तळ दातेरी रबराचा, टाच सपाट. दोन मोजे घालून मापाला उभं राहायचं. रंग गडद तपकिरी, म्हणजे पँटवर चालतो आणि चुडीदारवरही. चुडीदार बुटात खोचायची, सैल सलवार बिलकुल नको. साडीवर बूट घालायचा विचारच करू नकोस, असं तिने बजावलं आहे.

आम्ही दोघी आबिड्सला गेलो. तिथे प्लास्टिकचे देखणे बूट होते. रश्मीने एक दुमडून बघितला आणि म्हणाली, थंडीत महिन्याभरात तडकेल, मग कचऱ्यात जाईल आणि आपल्या नातवंडांपर्यंत तिथेच पडून राहील. सिकंदराबादला मिलिटरीच्या जुन्या मालात बघितलं. तिथे सगळं पुरुषांचं माप, एका बुटात माझे दोन्ही पाय. राहिलं चामडं.

आत्या, इथे अडलं आहे. आपल्या घरात चामडं येत नाही. छप्पन्न साली आजोबांनी शपथ घेतली तेव्हापासूनचा नियम. आमच्या घरात पट्टासुद्धा कापडी. वर राहणारे घरमालक केशवराव पाहुण्यांना कौतुकाने सांगतात की आमचे भाडेकरू चामड्याला शिवत नाहीत. शिवाय जनावराचा जीव, कारखान्यांचं नदीत जाणारं पाणी, हे सगळं मनात येतं. मला तीन आठवडे नीट झोप नाही. आजोबांचा शब्द न मोडता काही वाट निघते का? शपथेच्या वेळी तू होतीस, म्हणून तुलाच विचारते.

माझ्यावर माया आहे तशीच ठेव.

तुझी,
सुमेधा

*

मुदखेड
१८ नोव्हेंबर १९९७

चि. सुमेधास,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मीच लिहिते आहे. साक्षरतेच्या वर्गातल्या बाई म्हणतात की माझं अक्षर आता रेघेवर बसतं. दोन दिवस लागले.

अमेरिकेचं वाचून बौद्धवाड्यातल्या सगळ्यांना सांगितलं. पण शपथेचं तू काय लिहिलंस ते मला दोनदा वाचावं लागलं. लेकी, माझ्या बापाने, उमाजीने, चामडं सोडलं नव्हतं. गावात कुणाचा बैल मेला की आपल्या माणसांना हाक यायची, आणि फुकट ओढून न्यावा लागायचा. ते त्याने सोडलं. आम्ही तुमचं मेलेलं ओढणार नाही, एवढीच शपथ होती. मी दहा वर्षांची होते, तुझा बाप शंकर आठाचा. त्यापायी गावाने आम्हाला दोन महिने दाणापाणी दिलं नाही. मग बाप रेल्वेच्या गँगमध्ये लागला आणि पहिल्या पगारात त्याने नांदेडहून काय आणलं माहीत आहे? चामड्याचे काळे बूट. करकर वाजतील असे मुद्दाम करून घेतलेले. आधी पाटलाच्या गल्लीतून जाताना पायतण हातात घ्यावं लागे. तो ते बूट घालून गल्लीतून गेला आणि परतही तिथूनच आला. माय तोवर दारातच उभी होती.

तुमच्या घरचा नियम शंकरचा आहे. तुला सांगायचा नव्हता, पण तू तो माझ्या बापाच्या नावावर घातलास म्हणून सांगते. पंचाहत्तर साली तुला कडेवर घेऊन तो खोली शोधत होता. नाव-गाव ऐकलं की लोक नाही म्हणायचे. केशवरावांनी विचारलं, मांसमच्छी खाता का. हा घाबरून म्हणाला की आमच्या घरात चामडंसुद्धा येत नाही. ते खूष झाले, त्यांनी पुढे जातच विचारली नाही. मग ते पाळावं लागलं.

मी एकदाच आले होते, तू चार वर्षांची होतीस. शंकर बस स्टँडवर घ्यायला आला आणि माझ्या वहाणा चहावाल्याकडे ठेवून मला अनवाणी घरी नेलं. तेव्हापासून मला मुहूर्त सापडत नाही. त्याच्यावर राग नाही. पण पाय तिकडे वळत नाहीत.

जनावराच्या जिवाचं आणि पाण्याचं मला कळत नाही, तू शिकलेली आहेस, तू बघ.

आईच्या गुडघ्याला तिळाचं तेल लाव. खुशाली कळवत जा.

तुझी आत्या,
मालन

*

दिलसुखनगर
२७ नोव्हेंबर १९९७

ती. मालनआत्यास,
सुमेधाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं आणि पुन्हा घरी नेलं नाही, रश्मीच्या खणात ठेवलं. तू पोस्टकार्ड न लिहिता नेहमी बंद पत्रच का पाठवतेस, तेही आता समजलं. पोस्टमन टपाल वर केशवरावांकडे देतो. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत का, हे मला माहीत होतं. चामड्याचं मात्र मी शाळेतल्या निबंधातसुद्धा लिहिलं होतं, आजोबांची शपथ म्हणून. पहिला नंबर आला होता.

शनिवारी बेगम बाजारामागच्या एका गल्लीत गेले. अप्पाराव नावाचे कारागीर तिथे स्वतः बूट शिवतात. मी त्यांना कापड आणि रेक्झिनचे बूट मागितले. त्यांनी कारण विचारलं. मी जनावराचं सांगितलं. ते हसून म्हणाले की बाईजी बिर्याणी खाते की नक्को? रश्मीकडे खाते, हे मी कबूल केलं. मग ते म्हणाले की चामडं नको म्हणणारे पुष्कळ येतात, पण निम्म्यांना मुळात चामडं शिवणारा नको असतो, ते पाण्याचा ग्लासही घेत नाहीत. त्यांनी चहा मागवला. मी प्यायले, पण माझे कान तापले होते. मी त्या निम्म्यांतली नव्हते, पण घरी बावीस वर्षं त्यांच्यासारखंच वागत होतो.

मग मी सगळं विचारलं. कातडं मांसासाठी मारलेल्या म्हशीचं, बुटासाठी वेगळं जनावर मारत नाहीत. कमावलेलं कुठून येतं तेही विचारलं. एक ठिकाण बाभळीच्या सालीत कमावतं, दुसरं रसायनात. सालीतलं महाग आणि उशिरा मिळतं, पण हात जळत नाहीत. मी सालीतलं सांगितलं. शिवणारे ते आणि त्यांची बहीण, मजुरी त्यांची ते ठरवतात. तळ झिजला की बदलून मिळेल, म्हणजे दहा वर्षं चालतील. जनावराचं मनातून पूर्ण गेलं नाही, जाऊही नये असं वाटतं. पण ह्याहून बरा बूट मला सापडला नाही. माप देऊन आले. रंग तपकिरी, टाच सपाट.

बूट वीस तारखेला तयार होतील. ते रश्मीकडे ठेवून परस्पर बेगमपेट विमानतळावर जाता येईल. अण्णांना कळायला नको, केशवरावांनाही नको. पण तसं केलं तर मीही खोट्यावर मिळालेल्या त्याच खोलीत राहिले. आणि घरी आणले तर अण्णांचं बावीस वर्षांचं राखलेलं एका दिवसात उघडं पडेल. काय करू?

लवकर उत्तर दे. तुझी माया असू दे.

सुमेधा

*

मुदखेड
७ डिसेंबर १९९७

चि. सुमेधास,
आत्याचे आशीर्वाद, जयभीम.

काल सहा डिसेंबर होता, दिवसभर विहारात होते, म्हणून उशीर.

लपवू नकोस आणि अचानक दारात आणून ठेवूही नकोस. खोली शंकरने मिळवली, तर ती पणाला लावायची की नाही तेही त्याला विचार. तो आठ वर्षांचा असताना दोन महिने उपाशी राहिला आहे, एवढं लक्षात ठेवून विचार. मोठ्या आवाजात नको.

मोजे लोकरीचे दोन जोड मी विणते आहे. रंग विचारला नाही, लाल आहेत.

तुझी आत्या,
मालन

*

दिलसुखनगर
२४ डिसेंबर १९९७

ती. मालनआत्यास,
सुमेधाचा सविनय जयभीम. वि. वि.

लाल मोजे मिळाले. रश्मी म्हणते बुटाच्या वर बोटभर दिसले तर छान दिसतील, तर तसेच घालणार आहे.

तुझं पत्र आल्यावर मी अण्णांना विचारलं. ते शेंगा सोलत होते. तू कळवलेलं सगळं सांगितलं, वहाणांचंही. ते बराच वेळ सोलत राहिले, टरफलंही परातीतच पडत होती. मग म्हणाले की आक्काला त्या दिवशी बस स्टँडवर बघून आधी आनंद झाला होता आणि नंतर तिच्या पायांकडे लक्ष गेलं. एवढंच. मी म्हटलं, बूट रश्मीकडे ठेवते. ते म्हणाले, नको, थांब.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले. मलाही सोबत नेलं. आपण कोण, पंचाहत्तर साली खोटं का बोललो आणि आता पोरीचे चामड्याचे बूट घरात येणार आहेत, हे त्यांनी केशवरावांना उभ्याउभ्या सांगितलं. केशवरावांनी चष्मा पुसला. म्हणाले, मला एक्याण्णव सालापासून माहीत आहे. खानेसुमारीवाला त्यांच्या सोफ्यावर बसून कागद भरत होता, त्यात आमचा धर्म त्यांनी वाचला होता. अण्णांनी त्या माणसाला खरं सांगितलं होतं. केशवराव म्हणाले की तुम्ही माणसं चांगली आहात, म्हणून मी गप्प राहिलो. पण तुम्ही हे बोलायला नको होतं. आता मला माहीत नाही असं घरात वाटा असलेल्या माझ्या भावांना म्हणता येणार नाही. मार्चअखेर खोली रिकामी करा.

ते रागाने बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं. जिन्यात मी अण्णांना म्हटलं की माझ्या एका जोड बुटापायी घर गेलं. ते म्हणाले, बूट निमित्त. मी सहा वर्षं उगाच कापडी बूट घातले.

बूट परवा आणले. घरभर घालून चालून बघितले, डावा किंचित घट्ट आहे, चार दिवसांत सैल होईल. आईने शिवण बोट फिरवून तपासली आणि पास केली. अण्णांनी अप्पारावांचा पत्ता लिहून घ्यायला सांगितला.

काल ते सिकंदराबादला, लालागुड्याकडे खोल्या बघायला गेले होते. भाडं विचारायच्या आधीच ते नाव, गाव, समाज सांगून टाकत होते. पहिल्या घरचे म्हणाले, खोली दिलेली आहे, आणि दार लावलं. दुसऱ्या घरच्या बाईने विचारलं, पाणी वापरायला किती माणसं, आणि एक तारखेपासून येता का. घरी येऊन दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या आणि आईला जेवायला वाढ म्हणाले.

मी तिथे पोचल्यावर लिहीन. तोवर तू अण्णांना लिहीत जा, पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
सुमेधा