माझ्या सुतकात अन्नपूर्णेने पळावे याबद्दल

लिहून ठेवणार महादेव वल्द रामाजी बारंगे, वय सासष्ट (शाळेच्या दाखल्यावरून, आई दोन वर्षे जास्त सांगत असे), धंदा शेती, शिक्षण चौथी, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), जिल्हा वर्धा. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण अक्षर माझेच आहे. कोणी दटावून किंवा काही पाजून हे लिहून घेतलेले नाही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी यंत्र लावून छातीची कागदी पट्टी काढली आणि मला बाकावर बसवून आत मुलाशी बोलले. तेव्हापासून झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिली सूचना. हा कागद पाकिटात घालून चिकटवू नये. आपल्याकडे असे कागद तेरवी आटोपल्यावर उघडतात. यातली मुख्य गोष्ट तोपर्यंत वाया गेलेली असेल. म्हणून मी जिवंत असतानाच हा सर्वांसमोर वाचावा, आणि पुन्हा एकदा वाचावा, कारण मधुकर अर्धे ऐकतो.

कलम १. वावर आणि राहते घर मुलगा मधुकर यास. बैलजोडी म्हातारी झाली आहे, तिला बाजार दाखवू नये. पोस्टातली शिल्लक नात अन्नपूर्णा हिच्या बुटांसाठी व शिक्षणासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही, लग्नासाठी तर नाहीच. माझी बहीण जिजाबाई हिच्या नावे काही लिहिलेले नाही, कारण तिचा अंगठा मला साक्षीदार म्हणून पाहिजे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे दुसरा साक्षीदार, दुकानदार भैय्याजी म्हणतो. तिची खोली मधुकरने न लिहिता सांभाळावी. सून शोभाबाई सांभाळील, तिच्याबद्दल मला शंका नाही.

कलम २. पत्र्याच्या पेटीतले सामान. हे समजावे म्हणून थोडे मागचे सांगतो, कारण शाळेतल्या पोरांना वाटते की म्हातारा खेळाडू होता. मी खेळाडू नव्हतो. मी मौतीचा सांगावा घेऊन पळत होतो.

गावात कोणी वारले की माती होण्याच्या आत बाहेरगावच्या लेकीबहिणींना निरोप पोचवावा लागे. गावाने हे काम पूर्वी ज्यांच्या गळ्यात बांधले होते त्या लोकांनी सत्तावन्न सालच्या सुमारास ते सोडले, आणि योग्य केले. मग गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मला पळण्याचा लहानपणापासून शौक. मी म्हटले, मी जातो. मोठी बहीण जिजाबाई तेव्हा नुकतीच विधवा होऊन आमच्याकडे आली होती. ती दारात आडवी झाली.

“हे आपलं काम व्हय काय म्हादेवा? लोक काय म्हनतीन?”

“लोकाईच्या पोरी बापाचं तोंड पाहतीन. हेच म्हनतीन.”

“मंग समोरून घरात येजो नोको. मांगच्या दारी आंघोय कर, मंग चुलीकडं पाय टाक.”

वीस-बावीस वर्षे मी मागच्या दारी आंघोळ केली, पौषाच्या थंडीतसुद्धा. याबद्दल माझी तक्रार इथे लिहून ठेवतो. पाणी मात्र ती कढत ठेवत असे, तेही लिहिले पाहिजे.

सामान असे आहे.

टायरच्या चपला, जोड एक. कारंज्याच्या रस्त्यावर ट्रकचे फाटके टायर मिळत, त्यातून करून घेतल्या. उन्हाळ्यासाठी आणि मुरमासाठी. मे महिन्यात डांबर पातळ होते, साधी चप्पल रस्त्यालाच चिकटून राहते. मागे सायकलच्या ट्यूबचा पट्टा आहे, तो काढू नये, नाहीतर पळताना चप्पल एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. तिच्यासोबत दुपट्टा. तो ओला करून कानांवरून बांधावा. डोके तापलेले चालते, कान तापलेले चालत नाहीत.

बारदान्याची खोळ. माझी बायको शकुबाई हिने शिवलेली. ती वारली त्याला आता सात वर्षे होतील. पावसात छत्री घेऊन पळता येत नाही, आणि प्लास्टिक पांघरले तर माणूस आतून घामाने भिजतो. खोळ भिजते, जड होते, पण ऊब धरते. तिच्या गळ्याशी शकुबाईने जुन्या लुगड्याची पट्टी लावली आहे, कारण बारदाना मानेला घासतो असे मी एकदाच म्हटले होते. ही खोळ कोणी पोत्यांत टाकू नये. तिला पोत्याचाच वास येतो, म्हणून मला भीती आहे.

कॅनव्हासचे पांढरे बूट, जोड एक. यांची हकिकत भैय्याजी गुल्हाने, किराणा दुकानदार, यास आवडणार नाही, पण तो साक्षीदार आहे, त्याने ऐकावी. एकाहत्तर साली मी पायाचे माप सुतळीने घेतले आणि तो माल आणायला वर्ध्याला निघाला तेव्हा त्याच्याजवळ दिले. पाऊस लागला, सुतळी त्याच्या खिशात भिजली. भिजून वाळलेली सुतळी आखडते हे दुकानदाराला माहीत असायला पाहिजे होते. बूट एक बोट लहान आले. मी म्हटले, बदलून आण. तो म्हणाला, “पाय थोडा आवरून घ्या ना दादा, बूट काई वाईट नाई.” मी पुढून कापड कापून अंगठे बाहेर काढले आणि आठ वर्षे तसाच पळालो. म्हणून अन्नपूर्णेला सांगतो, सुतळी पाठवू नको, पाय घेऊन जा. माप संध्याकाळी, उभे राहून घे. सकाळचा पाय लहान असतो आणि खोटे बोलतो.

चौथी वस्तू पेटीत नाही. ते म्हणजे अनवाणी पाय. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट घालूच नये. चार पावलांत तळाला असा थर चढतो की पाटे बांधून चालल्यासारखे होते. बूट दुपट्ट्यात गुंडाळून गळ्यात घ्यावे, अंगठे रोवत पळावे. मुरूम लागला की नाल्यात पाय धुवावे, पुसावे, मग बूट. पुसायला वेळ नाही असे वाटते. मलाही वाटे, निरोपाची वेळ जाऊन राह्यली आणि मी पाय काय पुसून राह्यलो. पण ओला पाय बुटात गेला की फोड आला, आणि फोडासकट माणूस निम्म्या वाटेतच बसतो. मग निरोप कोणाच्या कामाचा?

कलम ३. हे कलम नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला पळायला फार आवडे. दिवाळीनंतर पराटी कापसाने पांढरी होते, धुऱ्याच्या बांधावरचे गवत दवाने ओले असते, अशा सकाळी छाती नुसती भात्यासारखी चाले. पण कोणी वारल्याशिवाय मला पळता येत नव्हते. माझे पाय साऱ्या भागाला ओळखीचे झाले होते. कारंज्याच्या ढाब्यावर ट्रकवाले खाटेवरून ओरडत, “आज किसका टिकट कटा, काका?” ते हसत. बायका हसत नसत.

चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीनंतर एके दिवशी मी उगीच पळालो. कोणी वारले नव्हते. थंडी होती, ऊन कोवळे होते, पाय खाजवत होते. शेजारच्या गावच्या विहिरीवर आलो तर आमच्या गावची एक लेक, कोकिळा, पाणी ओढत होती. मला पाहिले आणि तिच्या हातची बादली दोरासकट विहिरीत गेली. ती तिथेच बसून रडू लागली, “माहे बाबा गेले वो!”

“नाई वो बाई, कोनीच नाई गेलं. बाबा खाटेवर बसून चहा पिऊन राह्यले.”

“मंग तुमी काऊन पळून राह्यले?”

बाकीच्या बायांनी मला जे बोलायचे ते बोलून घेतले. बादली काढून दिली आणि चालत घरी आलो. त्यानंतर मी शौकाने कधी पळालो नाही.

गेल्या वर्षी आर्वीच्या मैदानावर शाळांच्या शर्यती होत्या. मी मधुकरसोबत गेलो होतो. अन्नपूर्णा शेवटच्या वळणावरून सर्वांच्या पुढे पळत आली. माझी नजर आपोआप बायकांकडे गेली, आता कोणीतरी रडेल म्हणून. तर माणसे उठून टाळ्या वाजवू लागली. एक म्हातारी, ओळख ना पाळख, दोन बोटे तोंडात घालून शिटी मारत होती. आमच्या घरचे माणूस पळत आले आणि लोक हसले. हे मी पाहिले आहे. ते मला दुसऱ्यांदा पाहायला मिळेल की नाही, माहीत नाही.

कलम ४. मुख्य कलम. येत्या पाच फेब्रुवारीला, रविवारी, वर्ध्याला बोरगाव मेघेच्या बाजूने जिल्ह्याची शेतारानातली शर्यत आहे. पहिल्या तिघींना नागपूरला राहून शिकायला आणि पळायला मिळेल. मधुकरने कबूल केले आहे की पोरगी तिघींत आली तर कारंज्याच्या पाहुण्यांना तो नाही म्हणून कळवेल. नाही आली तर ते फाल्गुनात पाहायला येणार. पुढच्या वर्षी तिचे वय त्या गटात बसत नाही. म्हणजे हीच एक शर्यत.

माझी भीती अशी की मी मधेच मरेन. मरण्याचे काही नाही, पण दहा दिवसांचे सुतक लागेल आणि पोरगी घरात बसेल. माझी छाती नेमकी याच पंधरवड्यात बिघडावी याचा मला राग येतो. म्हणून लिहून ठेवतो की माझे सुतक अन्नपूर्णेला नाही. मी आदल्या दिवशी गेलो तरी तिने सकाळच्या एस.टी.त बसावे. ती वर्ध्याला असताना गेलो तर तिच्यामागे सांगावा धाडू नये. मी आयुष्यात एकही निरोप अडवला नाही, हा एक अडवतो. माझी माती तिच्यासाठी थांबवू नये. माझे तोंड ती रोज पाहते.

बुटांचे. पी.टी.च्या मास्तरांनी खिळ्यांचे बूट मागून आणले आहेत. मास्तर चांगले आहेत, पण ते म्हणतात खिळेच घाल, आणि मला ते नक्की वाटत नाही. मी आणि अन्नपूर्णा जाऊन वाट पाहून आलो. सुरुवातीला मुरूम, मग काळे वावर, मग गव्हाच्या कडेने, मग पुन्हा मुरूम. मुरमावर खिळे घसरतात. तरी शर्यतीआधी वावरातली मूठभर माती आवळून पाहावी. गोळा झाला, म्हणजे गव्हाचे पाणी तिकडे उतरले, तर खिळ्यांचे. भुगा झाला तर कापडी, जे ती दिवाळीपासून घालते आहे. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालूच नयेत. दवाने नाडी सैल पडते, दुहेरी गाठ मारावी. भेगाळलेल्या जमिनीवर पाऊल लहान टाकावे. सकाळी पोटभर खाऊ नये, उपाशीही राहू नये. आणखी काही राहिले असेल तर मास्तरांना विचारावे.

कलम ५. आज दुपारी भैय्याजीने वरचे सर्व मोठ्याने वाचून दाखवले. काय झाले ते लिहितो, कारण पुढे कोणी म्हणायला नको की जिजाबाईला फसवले. सुतकाच्या बाबतीत या घरात तिचाच शब्द चालतो. ती नाही म्हणाली तर मधुकर तोंड उघडणार नाही, हे मला माहीत आहे.

ती म्हणाली, “घरात मौत अन् पोरगी आर्ध्या चड्डीत पळन? देव काय म्हनंल?”

“देवाले मी सांगतो ना बाई. मीच तर जाऊन राह्यलो तिकडं.”

भैय्याजी हसला. तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो चष्मा पुसू लागला. ती उठून आत गेली. पुष्कळ वेळ आतून भांड्यांचा आवाज येत होता. मधुकर म्हणाला, “बाबा, राहू द्या, आत्याचं मन नाई.” माझ्या छातीत दुखत होते, ते सांगितले नाही, उगीच कोणी म्हणेल नाटक करतो.

मग ती बाहेर आली आणि अन्नपूर्णेसमोर बसली.

“तुले पळाचं हाये काय?”

“हो आजी.”

“हा मेला तरी?”

पोरगी माझ्याकडे पाहीना. म्हणाली, “पळीन. रडत पळीन.”

जिजाबाई म्हणाली, “रडतानी दम लागते. पहिले पळून घेजो, मंग रडजो.” आणि भैय्याजीकडे अंगठा पुढे केला. “आन तुही शाई.”

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, ऐकले आणि खाली सही केली.

ठिकाण तळेगाव (श्यामजी पंत). तारीख २४ जानेवारी १९८४, मंगळवार.

सही: महादेव रामाजी बारंगे

साक्षीदार: भैय्याजी गुल्हाने, किराणा दुकान, तळेगाव. (सुतळीची हकिकत वाचली. पाऊस माझ्या हातात नव्हता.)

साक्षीदार: जिजाबाई, महादेवरावांची थोरली बहीण, हिचा अंगठा. अंगठा देण्याआधी तिने एक ओळ लिहायला लावली, ती तिच्याच शब्दांत: “मी म्हादेवापेक्षा मोठी हावो. मी आंधी गेली तर माहंबी सुतक पोरीले नाई.”