आवाज फुटेपर्यंतचा करार

मी, आण्णाप्पा तवनाप्पा मगदूम, धर्म जैन, धंदा शिवणकाम, मूळचा निपाणीचा, हल्ली राहणार कॅम्प, बेळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. वय पंचावन्न असावे. नाटक कंपनीच्या जाहिरातीत मी सलग चार वर्षे नऊ वर्षांचा होतो, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

१. राहते घर पत्नी धोंडूबाई हिने हयातभर वापरावे. तिने मला रंगभूमीवर कधी पाहिले नाही. लग्न ठरताना तिने एवढेच विचारले, "शिवता नीट येतंय न्हवं?" टाळ्यांनी मला इतके सुख कधी दिले नव्हते.

२. रौप्यपदक, एक. मी राजकन्येचे काम करी. खेळ संपला की गावचे कोणी प्रतिष्ठित गृहस्थ हे पदक माझ्या पदराला टाचत. पडदा पडल्यावर कंपनीचे मालक ते काढून घेत आणि पुढच्या गावी दुसऱ्या गृहस्थांच्या हाती देत. निपाणीत, चिकोडीत, संकेश्वरात मला हेच पदक मिळाले. शेवटच्या वेळी ते काढून घ्यायचे राहिले. मोडीत घालावे.

३. यल्लाप्पा शिंपी यांची कात्री त्यांची मुलगी मालुबाई हिला परत द्यावी. कारण लिहितो. वडिलांनी मालकाशी केलेल्या करारात मुदत होती, 'मुलाचा आवाज फुटेपर्यंत'. वडिलांना ती लांबची गोष्ट वाटली. लोंढ्याला तिसऱ्या अंकात माझा आवाज फुटला. लोक हसले. दुसऱ्या दिवशी कंपनी हुबळीच्या गाडीत बसली आणि मी फलाटावर, ट्रंकेवर. केस कमरेपर्यंत, सदरा एकच. मालकाने करार दाखवला. त्यात तो खोटा नव्हता. कंपनीचे शिंपी यल्लाप्पा गाडी सुटायच्या आत खाली उतरले. म्हणाले, "रडू नगंस रं. सुईत दोरा ओवाय येतोय का?" त्यांनी मला बेळगावला आणले, केस कापवले आणि पलटणीच्या शिपायांचे कोट शिवायला शिकवले.

मालकाबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. लोक हसले त्याबद्दल थोडी आहे.

४. धोंडूबाईच्या पश्चात घर माझा पुतण्या आप्पाण्णा याची मुलगी तारामती हिचे. वय दहा, आणि हे खरे वय आहे. ती चांगली गाते. मागच्या महिन्यात एका सिनेमा कंपनीचा माणूस करारपत्र ठेवून गेला.

"काका, नशीब दारात आलंय," आप्पाण्णा म्हणाला. "सही करू न्हवं?"

"मुदत काय लिवलीया?"

"पाच वर्सं."

"आणि सहाव्या वर्षी पोरीनं कुठं बसायचं?"

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, परत केला नाही. म्हणून अट घालतो. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या गाण्याचा करार तिच्या वतीने कोणीही, बापानेही, करू नये. केल्यास घर बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, जावे. घरी, शाळेत, बस्तीत तिने हवे तितके गावे.

हे कलम तिला वाचून दाखवले. तिने विचारले, "आज्जा, तुमास्नी गाताना बरं वाटायचं न्हाय व्हय?"

बरे वाटायचे. तेही येथे नोंदवतो.

५. दुकान व दोन शिवणयंत्रे पहिल्या मसुद्यात आप्पाण्णाला लिहिली होती. वीस वर्षे तो तेथे माझ्या शेजारी बसतो. चौथे कलम वाचून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मान वर न करता विचारले, "साक्षीदार कोण हाय?"

मी म्हणालो, "तुला हुता येत न्हाय. ज्याला मिळतंय त्यानं साक्ष करू नये, असं वकील म्हनत्यात."

त्याने हातातली बाही पुरी शिवली. मग म्हणाला, "तर माझं नाव वरनं काढा आणि खाली घाला."

त्याप्रमाणे दुकान व यंत्रे धोंडूबाईला दिली आहेत. तेथे कोणाला बसवायचे ते तिने ठरवावे. तिने आप्पाण्णाला सांगितले आहे, "सोमवारी येळेवर ये, न्हायतर दुसरा शिंपी बघीन."

हा मजकूर माझ्या हातचा आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही आणि आता दुसरा करण्याचे कारण दिसत नाही.

कॅम्प, बेळगाव
ता. ९ मार्च १९४७

आण्णाप्पा तवनाप्पा मगदूम

साक्षीदार:

१. रवळू ज्योतिबा पाटील, शेजारी. माझ्यासमोर सही केली.

२. आप्पाण्णा भरमू मगदूम, तारामतीचा बाप. चौथे कलम दोनदा वाचले. मान्य.