एकाच हातच्या टोपल्या

॥ वाघजाई प्रसन्न ॥
वरची वाडी, कार्ले
१२ जून २०२४

चि. सौ. मंगल हिस सीतारामदादाचे अ. उ. आ.

इकडे सर्व सुखरूप. पावसात डोंगरावर फोन लागत नाही, म्हणून दुधाच्या गाडीबरोबर पत्र देतो आहे. त्याच गाडीतून तुझ्या खानावळीचे खेकडे आले असतील, आणि ते इतके कमी का, म्हणून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील.

गेल्या साली ओढ्यात हात घातला की नुसते दगड लागायचे. हायवेवर विकायला जो तो पोत्यानं नेत होता. पोटाखाली पिलं घेतलेली लेकुरवाळीसुद्धा कुणी सोडली नाही. म्हणून यंदा वाडी देवळात बसली. देवीपुढं नारळ ठेवून ठरलं, की एका घरानं दिवसाला एकच टोपली धरायची, लेकुरवाळी पाण्यात सोडायची आणि मंगळवारी ओढ्याला हात लावायचा नाही. विषय मी काढला, म्हणून बोलणीही मीच खाल्ली. आपली शेजारीण धोंडामावशी भर देवळात म्हणाली, की सीताराम खेकड्यांचा सरपंच झालाय, उद्या त्यांना रेशनकार्डबी काढून देईल.

तुझ्या धंद्याला झळ बसणार, हे जाणतो. राग धर, पण अबोला धरू नकोस. विकासरावांना नमस्कार.

तुझा दादा

*

सोमाटणे
१५ जून

ती. दादांस मंगलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, टोपलीही मिळाली. पत्र जास्त जड होतं.

दादा, तळेगावच्या एका सोसायटीनं तीस तारखेच्या रविवारचं जेवण मला दिलंय. शंभर माणसं आणि खेकड्याचा रस्सा. एवढं मोठं काम पहिल्यांदाच हाती आलंय आणि मी शब्द देऊन बसले आहे. ते फसलं, तर तळेगावात मला पुन्हा कुणी विचारणार नाही. त्या एका दिवसापुरती आपल्या घराला सूट द्या, एवढंच मागते. सासूबाई म्हणाल्या, की तुझ्या भावाला बहिणीपेक्षा खेकडी जवळची. मी त्यांना उलटून बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

वहिनीला सांगा, तिनंच तुम्हाला समजवावं. चुकलं असेल तर पोटात घाला.

तुमची मंगल

*

वरची वाडी
२० जून

चि. सौ. मंगल हिस अ. उ. आ.

दोन दिवस देवळाच्या पायरीवर बसून विचार केला. सूट देता येत नाही. आपल्या घराला दिली, तर उद्या प्रत्येकाला बहीण निघेल. हे लिहिताना मला बरं वाटलं असं समजू नकोस.

पण इकडे काय झालं ते ऐक. आपण ठरवलं एक टोपली, आणि टोपली केवढी ते ठरवायचंच राहिलं. आपल्याकडे ज्याची टोपली तोच विणतो. पहिल्या आठवड्यात टोपल्या होत्या तेवढ्याच होत्या. मग एकीची वीतभर वाढली, ते बघून दुसरीची दोन वीत. सोमवारी नथू जी घेऊन आला तिच्यात त्याचा नातू मावला असता. मी चिडून बैठक बोलावली आणि म्हटलं, प्रत्येकानं आपली टोपली पुढं आणून ठेवा. ठेवल्या. सगळ्यांत मोठी निघाली ती आपल्या घरची. तुझ्या वहिनीनं, बायानं, कोंबड्या झाकायच्या डालग्याएवढी विणली होती. विचारलं तर म्हणाली, नणंदेनं शब्द दिलाय, आन टोपली तर एकच हाय की.

सगळं देऊळ हसलं. मी देवीकडं बघितलं, तर तीही हसते आहे असं वाटलं. पण बैठक तशीच उठली. आता ज्याला जमेल तेवढं तो नेतो आहे, आणि मला तोंड उघडायची सोय उरली नाही.

तुझा दादा

*

सोमाटणे
२२ जून

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं डालगं वाचून मी चुलीपुढं बसून हसत होते. हे धावत आले, की हिला ठसका लागला का काय. माझा राग त्या हसण्यात कुठं गेला ते कळलं नाही.

आमच्याकडेही असंच झालं होतं. रस्सा कधी मी वाढायची, कधी सासूबाई. सासूबाईंचा हात सढळ. मग गिऱ्हाइकं बाहेर विड्या ओढत सासूबाई वाढायला कधी येतात याची वाट बघायची. शेवटी ठरवलं, वाढणारा हात एकच. तेव्हापासून कुणी दुसऱ्याच्या वाटीत डोकावत नाही. तसं तुम्हीही सगळ्या टोपल्या एकाच हातानं विणवून घ्या. धोंडामावशीइतकी बारीक वीण वाडीत कुणाची आहे? शिव्या देईल, पण विणेल.

माझ्या रविवारचं मी बघते.

मंगल

*

वरची वाडी
२७ जून

चि. सौ. मंगल हिस अ. उ. आ.

मावशीकडं गेलो. म्हणाली, मी त्या ठरावाच्या इरुद्धात हाय, इसरलास व्हय. मी म्हटलं, म्हणूनच आलो. तू विणलेली टोपली लहान आहे असं म्हणायची कुणाची छाती नाही. त्यावर जरा खुलली. अट घातली, की बांबूच्या कामट्या सरपंचानं स्वतः काढायच्या. तेव्हापासून मी तिच्या पडवीत कोयता घेऊन बसतो आणि ती माझ्या प्रत्येक कामटीला नावं ठेवते. लहानपणी आईच्या हाताखाली बसायचो, तसंच वाटतं.

घरटी एक टोपली झाली, सगळ्या एका मापाच्या. बुडाची वीण मात्र तिनं मोकळी ठेवली आहे. बारकी खेकडी आपसूक खाली पडतात आणि पाण्यात चालू लागतात. असं कुणी सांगितलं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, जी चुलीपतुर जाऊन उपेगाची न्हाईत, त्येंचं वझं डोस्क्यावर कशाला.

तुझ्या वाटणीची एकच टोपली येईल. बाया दोन दिवस नीट जेवली नाही. देवीपुढं तुझ्यासाठी दिवा लावला आहे.

दादा

*

सोमाटणे
१ जुलै

ती. दादांस आणि सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

वहिनीला आधी जेवायला बसवा, मग पुढचं वाचा.

सोसायटीवाल्यांना मी आधीच खरं सांगितलं, की खेकडे थोडेच मिळतील. ते जरा हिरमुसले. मग सासूबाई आणि मी बारक्या तंगड्या पाट्यावर वाटल्या, पाणी घालून गाळल्या, आणि त्या पाण्यात रस्सा केला. एकेका वाटीत खेकड्याचा एकच तुकडा, पण चव थेट ओढ्याची. सोबत तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा भात. तुकडा एकच का, असं एका काकूंनी विचारलं. मी तुमच्या टोपल्यांची गोष्ट सांगितली आणि डालग्याचीही. माणसं रस्सा संपला तरी उठेनात. पुढच्या वर्षीचं जेवण त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, वर म्हणाले, तुकडा एकच चालेल.

आता सासूबाई येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, सुनेचा भाऊ लय शिस्तीचा.

तुमची मंगल

*

॥ वाघजाई प्रसन्न ॥
वरची वाडी
१९ जून २०२५

चि. सौ. मंगल हिस अ. उ. आ.

अक्षर वाकडं आलं तर रागावू नकोस. काल खेकड्यानं बोट धरलं. ओढा भरला असं म्हणणार नाही, पण दगडाखाली हात घालताना यंदा जपावं लागतं, एवढं खरं.

परवा बैठकीत नथू म्हणाला, की आता टोपली चार बोटं वाढवायला हरकत नाही. तुझं सोसायटीचं जेवण डोळ्यांपुढं आलं आणि मीही मान डोलावली. धोंडामावशी उठून उभी राहिली. म्हणाली, वाढवा की, पर इणायला माझ्याकडं येऊ नका. माझा हात आता त्याच मापाला बसलाय. मग ज्याच्या मनात चार बोटं होती, तो प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघू लागला. माप आहे तेच राहिलं, आणि तुझ्या वाट्याला यंदाही एकच टोपली.

आज सकाळी बायका गवताचे भारे घेऊन उतरत होत्या. पुढं मावशी. वाटेवरच्या ओहळातून एक लेकुरवाळी निघाली आणि आडवी चालू लागली. मावशीनं हात वर केला. मागची सगळी रांग डोक्यावरच्या ओझ्यासकट थांबली. खेकडी सावकाश पलीकडं गेली, गवतात शिरली, तेव्हा कुठं मावशीनं पाऊल उचललं.

विकासरावांना आणि सासूबाईंना नमस्कार सांग. भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
सीतारामदादा