अंगात आलं ते

शेंद्रा

कडूबा,

अक्काचा तुला भरभरून आशीर्वाद.

गेल्या चंपाषष्ठीला तुझ्या घरी खंडोबाची तळी उचलताना माझं अंग डोलाया लागलं. तू ओरडलास, "अक्काच्या अंगात देव आला!" मला भंडारा लावून माझ्याच पाया पडलास आन् इचारलंस, "देवा, कावेरीचं लगीन औंदाच उरकू का?"

देव नव्हता रे बाबा. कंपवाताच्या गोळीनं झालं ते. गोळीनं हाताची थरथर थांबती, पण जास्त झाली की अंग आपोआप डोलतं. डोकं मात्र लख्ख असतं.

म्हणून तर दाराआड रडणारी तुझी पोर मला दिसली. मी आवाज चढवून म्हणलं, "बारावी व्हायच्या आत तिला हळद लावशील तर याद राख!" तवा माझ्यापेक्षा तूच जास्त थरथरलास.

आता डॉक्टरनं तीच गोळी थोडी थोडी करून दिवसभरात वाटून दिलीय. डोलणं थांबलं. चहा कपातच राहतो. हे पत्रबी माझ्याच हातचं हाय.

खरं काय ते तुला कळावं म्हणून लिहिलं, पण कावेरीचा निकाल लागंस्तोवर पोस्टात टाकणार नाय. तिला बघाया पुन्हा पाव्हणे येऊन गेले म्हणं. येते मी चंपाषष्ठीला. गोळी डॉक्टरनं सांगितली तेवढीच घेईन. डोलायचं कसं, ते आता मला जास्तीच्या गोळीबिगरबी येतं.

तुझी थोरली बहीण,
म्हाळसाबाई