गेनारीचं कुंपण

प्रिय हेरान,

थंडी सरत आली. कुंपणाच्या गेनारीच्या झुडपांवर पिवळ्या कळ्या फुगल्यात, पण मला यंदा त्यांचं काही कौतुक वाटत नाही. गुडघे कुरकुरतात, किमचीच्या लोणच्याचा रांजण अर्धा तसाच पडून आहे. एकटीला लागतं तरी किती?

तू लग्न होऊन आलीस ते पहिलं नववर्ष आठवतं? पाहुणे यायचे म्हणून तू भर थंडीत गेनारी छाटून सरळ केलीस. शहरातली पोर तू, कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात हे तुला कुठून कळणार? त्या वसंतात गावभर पिवळंधमक आणि आपलंच कुंपण बोडकं. मी तणतणत होते, तर गिसॉक पुढे येऊन म्हणाला, "आई, मीच छाटली." खोटारडा कुठला. सगळे काप तुझ्या खांद्याच्या उंचीचे होते. मी ते खोटं चालवून घेतलं, मनात बरंच वाटलं. माझा पोरगा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर शनिवारी तू देगू शहरातून बस धरून येतेस, माझे पाय चेपतेस, दर वर्षी त्याच्या श्राद्धाचा भात मांडतेस.

परवा केस कापायला गेले होते. केस कापणाऱ्या बाईची भाची तुझ्याच गल्लीत राहते, तिच्याकडून कानावर आलं. तो टोफूवाला दो, त्याने तुला मागणी घातली आणि तू म्हणालीस, "घरी माझी आई आहे." सासू म्हणाली नाहीस. मी घरी येऊन पोटभर रडले.

गेल्या पावसाळ्यात दोन फांद्या वाकून जमिनीला टेकल्या, तिथंच त्यांना मुळं फुटली. पण आईझाडापासून तोडलं नाही तर त्या आयतंच पीत राहतात, स्वतःची मुळं नीट धरत नाहीत. काल कात्री घेऊन बसले, हात धजेना. शेवटी कापल्या, ओल्या पोत्यात बांधल्या आणि आज सकाळच्या बसने पाठवल्या.

तुझ्या खोलीवर नाही पाठवल्या. तिथं माती कुठाय? टोफूवाल्या दोच्या अंगणात पाठवल्यात. हेरान येऊन लावेल, असा निरोपही दिलाय त्याला. तेव्हा जा. खड्डा खोल घे, पाणी भरपूर घाल, आणि नववर्षाला कात्री लावू नकोस. गिसॉकचा भात यापुढे मी मांडीन. या शनिवारी येऊ नकोस. पुढच्याही नको.

तुझीच,
आई